जळत्या उसातून निघालेला उत्सव



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांस रस्त्यातच गाठले आणि म्हणाले, "अहो, त्रिनिदाद बेटातल्या लोकांच्या नाचण्यागाण्याशी आपल्या गावाला काय करावयाचे आहे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही आरंभीच देत नाही. शेवटी आपणच ते द्यावे. सुरुवात मात्र आपल्या ओळखीच्या एका गोष्टीपासून करू.

उसाच्या फडाला आग लागली म्हणजे काय होते, हे आपल्यापैकी ज्यांची बागाईत आहे त्यांना सांगावयास नको. जळित ऊस थांबत नाही. दिवसागणिक त्याचे वजन घटते, रस बिघडतो. म्हणून इतर सारी कामे बाजूला सारून तो आधी तोडावा लागतो आणि आधी गाळावा लागतो. आता असे समजा की फड तुमचा नाही, ऊस तुमचा नाही, इतकेच नव्हे तर तुमचा देहही तुमच्या मालकीचा नाही. दिवसभर राबून तुम्ही अंग टाकले आहे आणि अपरात्री शिंगे फुंकली जातात. मशाली पेटतात, ढोल वाजू लागतात, शेजारच्या मळ्यांवरचेही गुलाम टोळ्याटोळ्यांनी बोलावले जातात आणि मुकादमाच्या चाबकाखाली धूर ओकणाऱ्या फडात सर्वांना हाकलले जाते. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर अशा रात्रीला फ्रेंच भाषेत 'कान ब्रुले' म्हणत. कान म्हणजे ऊस आणि ब्रुले म्हणजे जळलेला. लोकांच्या तोंडी त्याचे 'कॅनबुले' झाले. या भयंकर रात्रीचाच पुढे एक उत्सव झाला. तो कसा झाला आणि कोणी केला, ही आजची कथा आहे.

त्रिनिदादला कोलंबस 1498 साली पोहोचला आणि तेव्हापासून ते बेट स्पेनचे झाले. जवळजवळ तीनशे वर्षे स्पेनने तिकडे फारसे लक्ष दिले नाही. वस्ती वाढावी म्हणून 1783 मध्ये स्पेनच्या राजाने एक फर्मान काढले. कॅथलिक पंथाच्या परकीयांनी तेथे येऊन राहावे, त्यांना जमीन मिळेल आणि जो जितके गुलाम अधिक आणील त्याला तितकी जमीन अधिक मिळेल, असा त्याचा आशय होता. त्याबरोबर आसपासच्या फ्रेंच बेटांवरून मळेवाले आले आणि आपल्याबरोबर आफ्रिकी गुलामांचे तांडे घेऊन आले. 1797 साली इंग्रजांनी बेट जिंकून घेतले. अशा रीतीने कायद्याच्या चौकटीत स्पॅनिश, राज्यकर्ता इंग्रज, समाजात वजन फ्रेंचांचे आणि घाम आफ्रिकेचा, असा तो मोठा चमत्कारिक संसार होता. तेथे जन्मलेल्या आणि तेथल्याच मातीत मिसळलेल्या माणसांना, त्यांच्या बोलीला, त्यांच्या रीतिभातींना 'क्रिओल' हे नाव पडले.

फ्रेंच मळेवाल्यांनी आपला कार्निव्हल बरोबर आणला. कॅथलिक लोक ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. तो सुरू होण्याच्या आधी खाणेपिणे, नाचणे, सोंगे काढणे यांची हौस पुरवून घ्यावयाची, हा कार्निव्हलचा मूळ अर्थ. पोर्तुगीजांबरोबर हाच सण आपल्या गोव्यात आला आणि तेथे तो 'इंत्रुज' म्हणून ओळखला गेला. त्रिनिदादमध्ये नाताळापासून उपवासाच्या पहिल्या बुधवारापर्यंत बड्या घरांतून मेजवान्या झडत, मुखवटे घालून नाच होत, गाड्यांतून मिरवणुका निघत. गुलामांना तेथे मज्जाव होता. वाजवावयास किंवा करमणूक करावयास बोलावले तरच त्यांनी यावयाचे.

पण एक मौज पाहा. या मेजवान्यांत धनिकांचे आवडते सोंग कोणते होते? राजाचे नव्हे, सरदाराचे नव्हे, तर शेतावर राबणाऱ्या गुलामाचे! त्याला ते 'नेग्र जार्दें' म्हणत. मालक मंडळी अंगाला काळे फासून, गुलामाचे कपडे घालून, हातांत मशाली घेऊन, ढोल वाजवीत जळत्या उसाच्या रात्रीची नक्कल करीत आणि पोट धरधरून हसत. ज्या रात्री माणसांच्या पाठी फुटत, ती रात्र यांच्या दिवाणखान्यात करमणुकीची वस्तू झाली होती. दाराआड उभे राहून हे पाहणाऱ्या गुलामांना काय वाटत असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. त्यांनी पुढे जे केले, त्यावरून आपण ते ओळखू शकतो.

1 ऑगस्ट 1834 रोजी ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द झाली. ती कागदोपत्री रद्द झाली, असे म्हणणे अधिक खरे. कारण शेतावरच्या गुलामांनी आणखी सहा वर्षे 'उमेदवार' म्हणून त्याच मालकाकडे राबावे, अशी त्यात मेख होती. त्या दिवशी पोर्ट ऑफ स्पेन शहरात गव्हर्नर ही योजना समजावून सांगू लागले, तेव्हा जमलेल्या गुलामांनी, त्यांत म्हातारी माणसेही पुष्कळ होती, "सहा वर्षे नकोत" असा एकच घोष आपल्या फ्रेंच बोलीत चालविला आणि ते जागचे हलेनात. शेवटी सहांची चार वर्षे झाली आणि 1 ऑगस्ट 1838 रोजी खरी मुक्तता आली.

मुक्त झालेल्या या लोकांनी आपला सण म्हणून काय निवडले असेल? त्यांनी निवडली ती जळत्या उसाचीच रात्र. मशाली त्याच, ढोल तेच, शिंगे तीच. पण आता मागे मुकादम नव्हता आणि पुढे फड नव्हता. पुढे होता तो शहराचा रस्ता. मालकांनी गुलामाचे सोंग काढले होते; आता गुलाम मालकांच्या त्या सोंगाचे सोंग काढू लागले! हा कॅनबुलेचा जुलूस लौकरच कार्निव्हलला जोडला गेला. रविवारची मध्यरात्र उलटली की मशाली पेटावयाच्या आणि कार्निव्हलचा सोमवार उजाडावयाचा, असा पायंडा पडला. धनिकांनी आपल्या दिवाणखान्यांची दारे लावून घेतली. रस्ता दुसऱ्यांच्या हाती गेला.

पुढील तीसचाळीस वर्षांत पोर्ट ऑफ स्पेनच्या चाळवजा वस्त्यांतून, एकेका आवाराभोवती दाटीवाटीने राहणाऱ्या गरिबांतून, या उत्सवाने जोर धरला. प्रत्येक वस्तीचा एक जथा असे. जथ्यापुढे लाठीबहाद्दर चालत. त्यांच्या या लाठीच्या खेळाला 'कालिंदा' म्हणतात. ढोलाच्या तालावर रिंगणात उतरावयाचे, प्रतिपक्षाच्या डोक्याचा वेध घ्यावयाचा आणि आपले डोके वाचवावयाचे. प्रत्येक जथ्याचा एक गायक असे, त्याला 'शांत्वेल' म्हणत. आपल्याकडे शाहीर जसा वीराला चेव आणतो, तसा हा शांत्वेल आपल्या लाठीवाल्याची बढाई गाई, दुसऱ्याची टर उडवी आणि जथा ध्रुपद धरी. स्त्रियाही मागे नव्हत्या. त्या गात, नाचत आणि प्रसंगी लाठीही चालवीत. प्रतिष्ठित लोक या साऱ्यांना 'जामेत' म्हणू लागले. समाजाचे वर्तुळ मध्यावर रेघ मारून दुभागले, तर त्या रेघेच्या खालचे ते जामेत, असा त्या शब्दाचा अर्थ सांगतात. वर्तमानपत्रांतून ओरड सुरू झाली. हा उत्सव आहे की धिंगाणा? ही गाणी आहेत की शिव्या? बंद करा हे सारे!

येथे आम्हांस आपल्या शिमग्याची आठवण होते. तोही याच सुमारास येतो आणि त्याच्याविषयीही शहाण्यासुरत्या माणसांनी असेच लिहिलेले आपण वाचले आहे. धिंगाणा होत होता, डोकी फुटत होती, हे खोटे नव्हे. पण धिंगाण्याखाली काय दडले आहे, हे पाहावयाची तसदी राज्यकर्त्यांनी घेतली नाही.

1877 मध्ये कॅप्टन बेकर नावाचा अधिकारी पोलिसांचा प्रमुख झाला. 1880 च्या कार्निव्हलमध्ये त्याने जथ्यांना मशाली, लाठ्या आणि ढोल खाली ठेवण्यास फर्माविले आणि लोकांनी ते मुकाट्याने ऐकले. बेकरला वाटले, काम फत्ते झाले. 1881 च्या कार्निव्हलला तो पुन्हा पोलीस घेऊन रस्त्यावर आला. या वेळी मात्र एरव्ही एकमेकांची डोकी फोडणारे जथे एक झाले होते. लाठ्या, बाटल्या, दगड यांचा वर्षाव झाला. रस्त्यावरचे दिवे फुटले आणि अंधारात पोलीस व जथे यांची मोठी चकमक उडाली. मग एक नवलाची गोष्ट घडली. गव्हर्नर फ्रीलिंग हे स्वतः बाजारात जमलेल्या लोकांसमोर आले आणि त्यांनी समेटाची भाषा केली. तुम्ही शांतता राखा, आम्ही पोलिसांना बराकीत ठेवतो, असे त्यांनी सांगितले. बाकीचा उत्सव त्याप्रमाणे पार पडला.

सरकार मात्र हा प्रसंग विसरले नाही. लंडनहून चौकशीसाठी अधिकारी आला आणि 1884 मध्ये नवा कायदा झाला. मशालींचा जुलूस बंद, रस्त्यावर ढोल बंद, लाठ्या घेऊन दहा माणसांनी एकत्र जमणे बंद. कॅनबुले कायद्याने संपला.

बंधुभगिनींनो, आता या कथेत आपली माणसे येतात. मुक्त झालेल्या गुलामांनी मळे सोडले, किंवा रास्त मजुरी मागितली, तेव्हा मळेवाल्यांनी स्वस्त मजुरांसाठी हिंदुस्थानकडे नजर वळविली. 30 मे 1845 रोजी 'फातेल रझाक' हे जहाज पहिले हिंदी मजूर घेऊन त्रिनिदादला लागले आणि 1917 पर्यंत सुमारे 1 लाख 44 हजार माणसे कराराने बांधून तेथे नेली गेली. त्यांतील बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची, कलकत्त्याच्या बंदरातून गेलेली; काही मद्रासकडची. त्यांनी मोहरमचे ताबूत तेथे नेले. त्रिनिदादमध्ये त्याला 'होसे' म्हणतात. ताबूत मुसलमानांचे खरे, पण ते उचलण्यात हिंदू मजूर असत आणि ढोल बडविण्यात आफ्रिकी वंशाचे लोकही असत. ज्या वर्षी कॅनबुले बंद झाला, त्याच वर्षी सरकारने ताबुतांनाही शहरात येण्यास बंदी केली. 30 ऑक्टोबर 1884 रोजी मजूर आपले ताबूत घेऊन सॅन फर्नांडो शहराच्या वेशीवर आले. मॅजिस्ट्रेटने दंग्याचा कायदा वाचून दाखविला आणि गोळीबार झाला. कित्येक माणसे ठार झाली आणि शंभरावर जखमी झाली. ज्यांना एकमेकांच्या पोटावर पाय देण्यासाठी म्हणून एका बेटावर आणले होते, त्या दोन्ही समाजांना रस्त्याचा हक्क एकाच वर्षी नाकारला गेला.

आता ढोलाचे काय झाले ते पाहा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. कातडी ढोल रस्त्यावर वाजविण्यास बंदी झाली, तेव्हा लोकांनी बांबू तोडले. लहानमोठ्या लांबीची बांबूची नळकांडी जमिनीवर आपटून, एकमेकांवर ठोकून त्यांनी तोच ताल काढला. त्याला 'तांबू-बांबू' म्हणतात. पुढे 1930 नंतरच्या दशकात बांबूच्या जोडीला बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, मोटारीच्या चाकातले ब्रेकचे लोखंड असा भंगार माल आला. बांबू फुटतो, डबा फुटत नाही. शिवाय त्याचा आवाज दूर जातो. मग कोणाच्या तरी ध्यानात आले की डब्याच्या पत्र्याला पोचे पडले म्हणजे प्रत्येक पोच्याचा स्वर वेगळा येतो. हा शोध एका माणसाचा नव्हे, एका वस्तीचाही नव्हे. विन्स्टन 'स्प्री' सायमन, एली मॅनेट, अँथनी विल्यम्स अशी नावे त्यात आदराने घेतली जातात.

दुसऱ्या महायुद्धात 1942 पासून रस्त्यावरचा कार्निव्हल बंद होता. 1945 मध्ये युद्ध संपल्याची वार्ता आली आणि हे पोलादी ताफे गल्लीबोळांतून उसळून बाहेर आले. त्रिनिदाद तेलाचे बेट आहे. तेलाची रिकामी पिंपे तेथे हवी तितकी. त्या पंचावन्न गॅलनी पिंपाचा तळ हातोडीने ठोकून ठोकून कढईसारखा खोल करतात. त्यावर स्वरांचे भाग आखतात, पिंप आगीवर तापवून पत्रा कसदार करतात आणि मग बारीक हातोडीने एकेक स्वर मिळवितात. उंच स्वरांसाठी पिंपाची बाजू आखूड कापतात, खर्जासाठी सबंध पिंप ठेवतात. रबर गुंडाळलेल्या काड्यांनी ते वाजवावयाचे. या वाद्याला 'पॅन' म्हणतात. विसाव्या शतकात नव्याने जन्मलेल्या वाद्यांत त्याचे स्थान फार मोठे आहे. आणि तेही आगीतूनच निघते.

हे वाजविणारे आरंभी गुंड म्हणून ओळखले जात, आणि वस्त्यावस्त्यांच्या ताफ्यांत रक्तपातही होई. आपल्या मुलाने पॅनला हात लावू नये म्हणून बापाने त्याला झोडपावे, असे ते दिवस होते. 1951 मध्ये निरनिराळ्या ताफ्यांतील निवडक वादक एकत्र करून लंडनच्या महोत्सवाला पाठविले, तेव्हा गंजक्या पिंपांतून निघालेले ते संगीत ऐकून विलायतेचे लोक थक्क झाले. 31 ऑगस्ट 1962 रोजी देश स्वतंत्र झाला, 1963 पासून पॅनच्या ताफ्यांची 'पॅनोरामा' ही मोठी स्पर्धा सुरू झाली, 1992 मध्ये पॅन हे राष्ट्रीय वाद्य ठरले आणि 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने 11 ऑगस्ट हा जागतिक पॅन दिवस म्हणून जाहीर केला. ज्यांचे ढोल हिसकावून घेतले होते, त्यांच्या पणतवंडांचा हा मान आहे.

गाण्याचीही अशीच कथा आहे. लाठीवाल्यांचा शांत्वेल हाच पुढे 'कॅलिप्सो'चा गायक झाला. फ्रेंच बोली जाऊन इंग्रजी आली, पण टर उडविण्याची वृत्ती कायम राहिली. वर्षभरातील सारी लफडी, भाववाढ, पुढाऱ्यांची सोंगे गाण्यांत यावयाचीच. 1934 मध्ये त्यांच्यावर नियंत्रण घालणारा कायदा झाला. त्याविरुद्ध गाण्यातून झगडणारा 'अटिला' या नावाचा गायक, म्हणजे रेमंड केव्हेडो, 1950 मध्ये निवडून येऊन थेट विधिमंडळात बसला.

सोंगांविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय कार्निव्हल पुरा होत नाही. उंच काठ्यांवर चालणारा 'मोको जंबी' आफ्रिकेतून आला. 'मध्यरात्रीचा दरोडेखोर' भली मोठी टोपी घालून आपल्या पराक्रमाची अशी काही लांबलचक बतावणी करतो की ऐकणाऱ्याने पैसे देऊनच सुटका करून घ्यावी. 'डेम लोरेन' हे फ्रेंच मालकिणीचे सोंग. तिचा नखरा आणि तिची भरघोस अंगलट यांची ती यथेच्छ थट्टा आहे. मालकाने गुलामाचे सोंग काढले होते, त्याची ही परतफेड समजावी. आणि 'जाब मोलासी' म्हणजे काकवीचा सैतान. सर्वांगाला काकवी फासलेला, साखळदंड ओढणारा हा सैतान राकेलच्या डब्याच्या तालावर नाचतो आणि पैसे न दिल्यास तुम्हालाही माखीन म्हणून अंगावर येतो. साखर मालकाने नेली, मजुराच्या वाट्याला चिकटा राहिला. तो चिकटा येथे पांढऱ्या कपड्यांना हिशेब विचारतो.

आजही कार्निव्हलच्या सोमवारी पहाट फुटण्यापूर्वी 'जूव्हे' सुरू होतो. चिखल, रंग, तेल अंगाला माखून हजारो लोक अंधारात रस्त्यावर उतरतात आणि उजाडेपर्यंत वाद्यांमागे चालत राहतात. मंगळवारी झगमगीत पोशाखांचे मोठमोठे मेळे निघतात. 1957 मध्ये जॉर्ज बेली यांनी आफ्रिकेच्या वैभवाचे दर्शन घडविणारा मेळा काढला आणि आफ्रिकी पूर्वज म्हणजे रानटी माणूस ही समजूत रस्त्यावरच मोडून काढली. 1970 नंतर 'लॉर्ड शॉर्टी' या कॅलिप्सो गायकाने, जो हिंदी मजुरांच्या उसाच्या मुलखात वाढला होता, ढोलक आणि ताशा यांचा ठेका घेऊन 'सोका' नावाचे नवे संगीत घडविले. होय, ताशाच! तेथे त्याला 'तास्सा' म्हणतात. आजही त्याचे कातडे विस्तवावर शेकून ताणतात. 1884 साली गोळीबार ज्या वाद्यांवर झाला, त्यांचा ठेका आज सोकामधून साऱ्या बेटाला नाचवितो. हाच उत्सव स्थलांतरितांबरोबर विलायतेतही गेला. लंडनमध्ये 1958 साली कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले, त्यानंतर 1959 च्या जानेवारीत त्रिनिदादच्या क्लॉडिया जोन्स या बाईंनी तेथे एका सभागृहात कार्निव्हल भरविला. आणि 1966 पासून नॉटिंग हिलच्या रस्त्यावरचा उत्सव सुरू झाला.

सारेच गोड आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आज मोठ्या मेळ्यांत नाचावयाचे तर भारी किंमतीचा तयार पोशाख विकत घ्यावा लागतो. मेळ्याभोवती दोर धरलेले रखवालदार चालतात आणि पैसे न भरलेल्याला दोराबाहेर ठेवतात. ज्या रस्त्यासाठी वस्तीतल्या माणसांनी डोकी फोडून घेतली, त्याच रस्त्यावर त्यांच्या नातवंडांनी दोराबाहेर उभे राहावे, ही कल्पना तेथल्या पुष्कळांना बोचते. म्हणूनच की काय, कार्निव्हलच्या आधीच्या शुक्रवारी पहाटेच्या अंधारात पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पिकॅडिली ग्रीन्स या ठिकाणी लोक जमतात आणि 1881 ची ती चकमक नाट्यरूपाने पुन्हा उभी केली जाते. मशाली पेटतात, ढोल वाजतात, लाठ्या उठतात. उत्सव कोणी मिळविला, हे वर्षातून एकदा तरी उच्चारले जाते.

आता आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळू. त्या बेटाशी आपल्याला काय करावयाचे आहे? ताबूत, ताशा आणि ऊस हे तीन धागे तर आपण पाहिलेच. पण आम्हांस त्याहून अधिक असे वाटते की रस्त्यावरून ढोल वाजत जातो आणि आपल्याला तो कर्कश वाटतो, तेव्हा खिडकी लावून घेण्यापूर्वी क्षणभर एक प्रश्न स्वतःला विचारावा. हा ढोल वाजविणाऱ्यांना वर्षातले उरलेले दिवस या रस्त्यावर कोणती जागा असते? त्रिनिदादच्या राज्यकर्त्यांनी हा प्रश्न विचारला नाही. त्यांनी ढोल मोजले, मशाली मोजल्या, लाठ्या मोजल्या आणि कायदा केला. तो कायदा करणाऱ्यांची नावे आज पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यावर कोणी घेत नाही. ढोल मात्र वाजतो आहे.